टक्का पायाचा आणि टक्का पोटाचा

अपघातानंतरच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर गेल्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत. एक आधीच सांगतो. मी हाडांचा डॉक्टर, वकील नव्हे. नोकरीत असताना दिव्यांग बोर्डावर बसलो आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या पिंजऱ्यात साक्षीला उभा राहिलो. मला कायदा कळतो तो तेवढाच. तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा.

प्रश्न : माझे पती (वय ३४) रंगकाम करतात. दीड वर्षापूर्वी टेम्पोने त्यांच्या दुचाकीला मागून धडक दिली. उजव्या गुडघ्याखालचे हाड सांध्यातच फुटले, प्लेट बसवली. आता गुडघा पुरता वाकत नाही, पाय दोन सेंटिमीटर आखूड झाला आहे. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाने ४० टक्के कायम अपंगत्वाचा दाखला दिला. आमचे वकील म्हणतात, ४० टक्क्यांप्रमाणे भरपाई मिळेल. विमा कंपनीचे वकील कोर्टात म्हणाले, हे नुसते पायाचे आहे, शरीराचे २० टक्केही होत नाही. कोणाचे खरे धरायचे? — एक वाचक, कराड तालुका

ताई, दोन्ही वकील एका आकड्यावर भांडताहेत, आणि कोर्टाला ठरवायचा आहे तो आकडा तिसराच आहे.

दाखला पुन्हा काढून बघा. टक्केवारीच्या पुढे-मागे कुठेतरी 'उजवा पाय' असे अवयवाचे नाव असेल. म्हणजे बोर्डाने पूर्ण पाय शंभर धरून त्यातले चाळीस गेले असे मोजले. सगळे शरीर शंभर धरले तर हा आकडा खाली येतो, इथपर्यंत विमा कंपनीच्या वकिलांचे बरोबर आहे. पण नुकसानभरपाई ना पायाच्या टक्क्यावर ठरते, ना शरीराच्या. या दुखापतीमुळे या माणसाची कमाई किती टक्के बुडाली, हे न्यायाधिकरणाला ठरवायचे असते. पहिले दोन आकडे डॉक्टर सांगतो. तिसरा न्यायाधीश ठरवतो, आणि तो ठरवण्यासाठी त्याला तुमच्या यजमानांचा धंदा समजावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' या निकालात हे फार स्वच्छ मांडले. तो अर्जदार चीज विकून पोट भरायचा. दाखला होता डाव्या पायाच्या ४५ टक्क्यांचा. न्यायालयाने शरीराचे कार्यात्मक अपंगत्व २५ टक्के आणि कमाईचे नुकसान २० टक्के धरले. एका माणसाचे तीन आकडे. त्याच निकालात एक उदाहरण आहे. डावा हात तुटला तर अपंगत्व साधारण ६० टक्के येईल. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली असेल, तर कमाईचे नुकसान साठाहून कितीतरी कमी, कदाचित काहीच नाही.

आकडा वरही जातो, हे विमा कंपनीचे वकील सांगणार नाहीत. 'मोहन सोनी' प्रकरणात (२०१२) हातगाडी ओढणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या माणसाचा डावा पाय कापावा लागला होता. दाखल्यावरचा आकडा कमी असूनही सर्वोच्च न्यायालयाने कमाईचे नुकसान ९० टक्के धरले. बसून करायचे दुसरे काम त्याला त्या वयात कोण देणार? त्याच्याही आधी, १९७५ साली, कामगार भरपाईच्या एका प्रकरणात डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराला न्यायालयाने पूर्ण, म्हणजे शंभर टक्के अपंग मानले होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे कळायला न्यायाधीशांना वैद्यकीय पुस्तक लागले नाही.

आता तुमच्याकडे येऊ. बोर्डाने गुडघ्याचा वाक कोनमापकाने मोजला असेल, टेपने मांडीचा घेर आणि पायाची लांबी घेतली असेल, स्नायूंची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत लिहिली असेल. त्या दाखल्यात धंद्याचा रकाना नसतो. त्यामुळे रंगारी आणि बँकेतला कॅशियर यांना तोच ४० चा आकडा मिळतो. कॅशियर दिवसभर खुर्चीत असतो. रंगाऱ्याला शिडी चढायची, परांचीवर उभे राहायचे, स्कर्टिंग मारायला उकिडवे बसायचे, वीस लिटरची बादली जिन्याने वर न्यायची. बाहेरच्या भिंतीचे, झुल्यावरचे काम करत असतील तर जास्तीची मजुरी तिथेच असते आणि पहिल्यांदा तेच काम सुटते.

म्हणून डॉक्टरांची सरतपासणी (आपल्याच वकिलांनी घेतलेली साक्ष) होईल तेव्हा वकिलांनी नुसते 'दाखला तुमच्या सहीचा आहे का' एवढे विचारून खाली बसू नये. (बसतात. मी पाहिले आहे.) विचारायला हवे ते असे : गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो? तेवढ्या वाकात उकिडवे बसता येईल का? शिडीवर सगळा भार या एका पायावर घेता येईल का? सांध्यातच हाड फुटले असल्याने पुढे संधिवात होण्याची शक्यता किती? प्लेट काढावी लागेल का, खर्च साधारण काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे पुढच्या उपचारखर्चाच्या वेगळ्या मागणीत जातात. डॉक्टरांनी ती सांगितली नाहीत तर ती मागणी हवेत राहते.

दुसरा साक्षीदार ठेकेदार. तुमचे यजमान आधी कोणती कामे करत, रोज किती घेत, आता त्यांना कोणती कामे देता येतात, हे त्याने येऊन सांगावे. हजेरीची वही असेल तर ती आणावी. पगारपत्रक नसते म्हणून कमाईचा पुरावा नसतो असे नाही. बँकेचे पासबुक आणि मोबाइलवर आलेल्या पैशांच्या नोंदी चालतात. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते आणि तो अंदाज सहसा हात आखडून असतो.

एवढी खटपट कशाला, ते हिशेबाने सांगतो. समजा महिन्याची कमाई १८,००० रुपये सिद्ध झाली. वर्षाचे २,१६,००० झाले. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून 'प्रणय सेठी' निकालाप्रमाणे (२०१७) पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. ते ३,०२,४०० होतात. वयाच्या ३१ ते ३५ या गटाला 'सरला वर्मा' निकालातला (२००९) गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्याने गुणायचे तो आकडा, १६. गुणून ४८,३८,४०० येतात. आता कमाईचे नुकसान २० टक्के धरले तर ९,६७,६८० रुपये आणि ३५ टक्के धरले तर १६,९३,४४०. फरक सव्वासात लाखांचा, आणि तो ठरणार आहे शिडी, उकिडवे बसणे आणि बादली यांवर. मृत्यूच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होते, तशी जखमीच्या दाव्यात करायची नसते. कोणी केली तर हरकत घ्या. राजकुमारच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने केलेली वजावट सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवली होती.

प्रश्न : माझ्या भावाच्या पायाचे ऑपरेशन ज्या डॉक्टरांनी केले ते कोर्टात यायला तयार नाहीत. ओळखीच्या एकाने दुसरे डॉक्टर सुचवले आहेत. ते तपासून ६० टक्क्यांचा दाखला देतात आणि साक्षीलाही येतात. त्यांचा घ्यावा का? — एक वाचक, बार्शी

या दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांना आम्ही आपसात काय म्हणायचो ते छापता येणार नाही. कोर्टाच्या आवारात ते सगळ्यांना माहीत असतात. विमा कंपनीच्या वकिलांना तर ते तोंडपाठ असतात.

उलटतपासणी कशी होईल ते सांगतो. तुम्ही या रुग्णावर कधी उपचार केले? तो तुमच्याकडे किती वेळा आला? ओपीडीच्या रजिस्टरला नोंद आहे का? एक्स-रे तुम्ही काढला की जुना बघितला? टक्केवारी कोणत्या पद्धतीने काढली, मॅकब्राइडच्या तक्त्याने की सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी? आकडेमोडीचा कागद दाखवा. हा पायाचा आकडा की शरीराचा? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला घाम फुटतो आणि त्याबरोबर तुमच्या भावाची खरी दुखापतही संशयात सापडते. उपचार न करता सढळ हाताने टक्के वाटणाऱ्या डॉक्टरांबाबत सावध राहा, असे राजकुमार निकालात न्यायाधिकरणांना उघड सांगितले आहे.

उपचार करणारे डॉक्टर का येत नाहीत, तेही ऐका. सकाळची ओपीडी सोडून जायचे, दुपारपर्यंत बाकावर बसायचे आणि मग 'पुढची तारीख' ऐकून परतायचे. हे दोनदा झाले की तिसऱ्यांदा माणूस फोन उचलत नाही. मी सरकारी नोकर होतो, मला जाणे भाग होते. खासगी डॉक्टरांचा वैताग मला समजतो, पण मान्य नाही. पायात रॉड घालताना पैसे घेतले आहेत, तर त्या पायाबद्दल दोन शब्द सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

यावर वाटा आहेत. तुमच्या वकिलांना अर्ज करून डॉक्टरांसाठी ठरावीक दिवस आणि वेळ मागू द्या. समन्समध्येच वेळ घातली की डॉक्टर येतात, हा माझा अनुभव आहे. कमिशनर (साक्ष नोंदवायला कोर्टाने पाठवलेला माणूस) नेमून डॉक्टरांच्या दवाखान्यात साक्ष नोंदवता येते. विमा कंपनीला दाखला मान्य असेल तर तोंडी साक्षीशिवायही तो पुराव्यात घेता येतो. यातले काहीच जमले नाही तर जखमीला मेडिकल बोर्डाकडे पाठवा असा अर्ज करता येतो. न्यायाधिकरणाने गप्प बसून नुसते बघू नये, स्वतःहूनही विचारावे, असे वरचे न्यायालयच म्हणते.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, सगळे एक्स-रे तारखेनुसार लावा आणि रुग्णालयाकडून केसपेपरच्या नकला लेखी अर्ज देऊन घ्या. एक्स-रेच्या फिल्म उन्हात, पत्र्याच्या पेटीवर ठेवू नका. मोबाइलमध्ये आलेल्या फोटोंवर भिस्त ठेवू नका, सीडी मागून घ्या.

प्रश्न : मला बोर्डाने ३८ टक्के दिले. ४० च्या खाली असल्याने सवलती मिळणार नाहीत, असे खिडकीवर सांगितले. म्हणजे माझा अपघाताचा दावाही गेला का? — एक वाचक, परभणी

नाही. चाळीसची रेघ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली आहे. आरक्षण आणि बऱ्याच सरकारी योजना तिला बांधलेल्या आहेत. मोटार अपघाताच्या दाव्यात अशी कुठलीही रेघ नाही. बोटाचे एक पेर गेलेला तबलजीसुद्धा तिथे दाद मागू शकतो. दाखला जपून ठेवा आणि वर कराडच्या ताईंना लिहिले आहे ते तुमच्या धंद्याला लावून वाचा.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला, डंपरने हूल दिली होती. उजवा हात खांद्यापासून लुळा आहे. हाड मोडलेले नाही. डॉक्टर म्हणतात नस आहे, वेळ लागेल. वकील म्हणतात, लवकर दाखला आणा, नाहीतर मुदत जाईल. बोर्डाने 'नंतर या' सांगून परत पाठवले. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक वाचक, चंद्रपूर

या पत्राने मला जास्त काळजी लागली, आणि ती दाव्याची नाही.

मोटारसायकलवरून खांद्यावर आपटल्यावर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला जातो, कधी तुटतो, कधी मणक्यापासून उपटून निघतो. ताणलेल्या नसा आपसूक सुधारू शकतात. तुटलेल्या किंवा उपटलेल्या नसांना शस्त्रक्रिया लागते, आणि तिचा चांगला काळ साधारण पहिल्या सहा महिन्यांचा असतो. तुमचे चार गेले. 'वेळ लागेल' यावर स्वस्थ बसू नका. या आठवड्यात ईएमजी-एनसीव्ही तपासणी (नसा आणि स्नायू किती काम करतात ते मोजणारी) आणि मानेचा एमआरआय यांविषयी विचारा आणि नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनला किंवा हाताच्या सर्जनला दाखवा. नागपूर तुम्हाला जवळ आहे. दाखला थांबेल, स्नायू थांबणार नाहीत.

आता बोर्डाचे. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. खांद्यापासून पंजापर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर धरले तर बोटांपर्यंत पोचायला दीड-दोन वर्षे. चौथ्या महिन्यात 'कायम' लिहिणारा डॉक्टर एकतर ज्योतिषी असावा किंवा घाईत. बोर्डाने परत पाठवले ते बरोबर केले. आज आकडा दिला असता आणि पुढे हात थोडा सुधारला असता, तर उलटतपासणीत तोच दाखला तुमच्या अंगावर आला असता.

वकिलांची मुदतीची चिंताही खरी आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. मात्र दावा दाखल करणे आणि अपंगत्व सिद्ध करणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड जोडून आज अर्ज टाका. 'उपचार चालू आहेत, कायम अपंगत्वाचा दाखला स्थिती स्थिरावल्यावर दाखल करू' असे त्यात लिहा. पुरावा नोंदवण्याची पाळी यायला तसाही वेळ लागतो.

मुलगा काय करतो ते तुम्ही लिहिले नाही. 'पप्पू देव यादव' प्रकरण (२०२०) वकिलांना वाचायला सांगा. उजवा हात गेलेला विशीतला टंकलेखक होता. दाखला ८९ टक्क्यांचा, दिल्ली उच्च न्यायालयाने कमाईचे नुकसान ४५ टक्क्यांवर आणले, सर्वोच्च न्यायालयाने ६५ केले. कायम अपंगत्व आलेल्या जखमीलाही पुढच्या वाढीचा हिशेब लावायचा, हेही त्या निकालात ठाम सांगितले आहे. बाविसाव्या वर्षी ती वाढ मोठी असते.

प्रश्न : माझे यजमान अनुदानित शाळेत गणित शिकवतात. अपघातात डोक्याला मार लागला, नऊ दिवस बेशुद्ध होते. आता चालतात, बोलतात, पाहुणे म्हणतात काहीच झाले नाही. पण तास चालू असताना पुढची पायरी विसरतात, घरात क्षुल्लक गोष्टीवर ताट फेकतात. हाडांच्या डॉक्टरांनी अपंगत्व शून्य लिहिले. वरून शाळेत कुजबुज ऐकून ते राजीनामा द्यायचे म्हणतात. — एक वाचक, चिपळूण

हाडांच्या डॉक्टराने शून्य लिहिले, कारण हाडे ठीक आहेत. त्याला मेंदूबद्दल विचारायचेच नव्हते. मला विचारले असते तर मीही शून्यच लिहिले असते आणि खाली 'न्यूरोकडे पाठवावे' असे लिहिले असते.

डोक्याच्या मारात असे होते. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की हातापायांची ताकद शाबूत राहते, पण राग आवरणे, कामांचा क्रम लावणे, एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात धरणे बिघडते. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये फारसे दिसले नसेल तरी एमआरआयमध्ये दिसू शकते. खरा पुरावा म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट स्मृती, लक्ष, विचाराचा वेग हे काही तास बसून मोजतो आणि शिक्षण व वय यांच्या मानाने किती घट झाली ते लिहितो. गणिताचा पदवीधर साध्या चाचणीत 'सामान्य' येऊ शकतो, म्हणून पाच मिनिटांच्या प्रश्नावलीवर समाधान मानू नका. त्या अहवालावर न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञ टक्केवारी देऊ शकतात.

तुमची स्वतःची साक्षही महत्त्वाची आहे, आणि इथे बायका फार आवरून बोलतात. 'थोडे चिडतात' असे सांगाल तर तेवढेच लिहिले जाईल. तारीख घालून वहीत टिपा : कोणत्या दिवशी काय विसरले, गॅस चालू राहिला का, रस्ता चुकले का. शाळेतून रजांचा तपशील आणि तास बदलून घेतल्याची नोंद घ्या. मुख्याध्यापक साक्षीला आले तर उत्तम.

पगार चालू असेल तर 'भविष्यातील कमाईचे नुकसान' या सदरात कदाचित फार मिळणार नाही, वरच्या कारकुनाच्या उदाहरणाप्रमाणे. पण वेदना, जगण्यातला आनंद हरपणे आणि पुढचे उपचार ही सदरे वेगळी असतात. ती वकिलांनी वेगळी मागायला हवीत. बढती हुकली असेल तर तिचा कागद ठेवा.

आणि राजीनामा देऊ देऊ नका. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. त्या पदाचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे असते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये हे आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. यजमानांनी आपणहून राजीनामा दिला तर हे संरक्षण जाईलच, शिवाय विमा कंपनी म्हणेल की नोकरी अपघाताने गेली नाही, स्वखुशीने सोडली. आधी चाचणी, मग दाखला, मग संस्थेला लेखी अर्ज आणि त्याची पोच. यजमान ऐकत नसतील तर महिनाभर वैद्यकीय रजा टाकायला लावा आणि त्या महिन्यात चाचणी उरकून घ्या.